मागचा एक्सल बदलायचा का? मुलुंडच्या एका फोर-बाय-फोरचं प्रकरण

मुरबाडच्या पुढे एका ओढ्याच्या कोरड्या पात्रातून वर चढताना माझ्या दादाच्या गाडीचं मागचं उजवं चाक मडगार्डच्या बाहेर वीतभर सरकलं आणि गाडी त्या अंगाला बसली. वेग माणसाच्या चालीचा होता. सुकी फांदी मोडावी तसा एकच आवाज झाला. चाक, ब्रेकचा ड्रम आणि शाफ्टचा (एक्सलमधल्या, चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) बोटभर तुकडा असे तिन्ही एकत्र बाहेर आले होते. पलीकडच्या शेतातून एक आजोबा आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "आस मोडला." बैलगाडीचा मोडतो तसाच. त्यांनीच बाभळीचा एक ओंडका दिला. तो एक्सलखाली घसरपट्टीसारखा बांधून, पुढच्या गाडीला दोर लावून आम्ही डांबरी रस्त्यापर्यंत आलो. तिथून टो-ट्रकवर भांडुपचं गॅरेज.

ट्रकमध्ये पुढे बसून परतताना दादा एक शब्द बोलला नाही. मीही नाही. दोघांच्या मनात एकच होतं. सकाळी हीच गाडी भिवंडी बायपासवर ऐंशीच्या वेगाने आणली होती, डाव्या बाजूला कंटेनर होता आणि मागच्या सीटवर त्याची दोन्ही मुलं झोपलेली होती.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये निदान आणि उपाय दोन्ही एका वाक्यात मिळाले: "एक्सल कमजोर आहे, मोठा टाका." एका पिकअपचा फुल-फ्लोटिंग (म्हणजे काय ते पुढे येईल) मागचा एक्सल, त्यात लॉकर, म्हणजे दोन्ही मागची चाकं एकत्र बांधून सारखी फिरवणारा भाग, जमल्यास ३३ इंची टायर. आकडा सांगितला पावणेदोन लाख. दादा तयार होता. पैशांची तजवीजही त्याने मनात करून ठेवली होती. त्याने मला फक्त एवढंच विचारलं, "तू इंजिनिअर आहेस, बघ जरा, योग्य आहे ना?" ते बघण्यात पाच आठवडे गेले. काय बघितलं आणि शेवटी काय ठरलं, ते इथे सविस्तर लिहितो आहे. कारण "मोडलं, म्हणून मोठं घ्या" हा सल्ला मुंबईत प्रत्येक गॅरेजमध्ये मिळतो. मोडलं कशाने, हा प्रश्न मात्र फारसं कुणी विचारत नाही.

गाडी २०१३ ची, डिझेल. मागे पाट्यांवर (स्प्रिंगचं काम करणाऱ्या लोखंडी पट्ट्यांवर) बसवलेला सलग एक्सल, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष तिचा नव्हता, हे पुढे दिसेलच. कंपनीने दिलेले टायर २३५/७० आर १६, म्हणजे साधारण २९ इंच उंचीचे. दादाने तीन वर्षांपूर्वी २६५/७५ आर १६ टाकले, साडेएकतीस इंचांच्या आसपासचे. ते आतल्या बाजूने पाट्यांना घासायला लागले, म्हणून चारही चाकांना दीड इंची स्पेसर, म्हणजे रिमच्या आत घालून चाक बाहेर सरकवणाऱ्या जाड चकत्या, बसवले. गाडी रुंद दिसायला लागली, घासणं थांबलं, सगळे खूश झाले. या स्पेसरकडे परत यायचं आहे.

बाबांनी तुकडा हातात घेतला

आमचे बाबा लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टर्नर होते. भांडुप ते मुलुंड हा सगळा पट्टा तेव्हा भोंग्यांवर चालायचा. गाडीतलं त्यांना फार कळतं असं नाही, पण लोखंड कळतं. मी गॅरेजमधून शाफ्टचे दोन्ही तुकडे घरी आणले, वर्तमानपत्रावर ठेवले. बाबांनी चष्मा लावला, तुटलेलं तोंड खिडकीच्या उजेडात धरलं आणि अंगठ्याने चाचपत म्हणाले, "हे त्या दिवशी तुटलं नाही. हे वर्षभर तुटत होतं."

मग त्यांनी दाखवलं. तुटलेल्या गोल तोंडाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग गुळगुळीत होता आणि त्यावर, शिंपल्यावर असतात तशा, एकाच कडेपासून पसरत गेलेल्या कमानदार रेषा होत्या. त्यातल्या कडेजवळच्या रेषांवर जुना तपकिरी गंज. उरलेला पाव भाग खडबडीत, दाणेदार, चकचकीत, कालपरवा तुटल्यासारखा. भेग कडेला जन्मली, दर थोड्या दिवसांनी एकेक पाऊल आत सरकली आणि शेवटी उरलेल्या पाव भागाला भार सोसवेना, तेव्हा तो एका क्षणात गेला. ओढ्यात आम्ही जे पाहिलं ते फक्त शेवटचं पान होतं.

दुसरी गोष्ट त्यांनी मला शोधायला लावली. शाफ्टच्या आतल्या टोकाला, जिथे तो डिफरन्शियलच्या (एक्सलच्या मधोमध असलेल्या, दोन्ही चाकांना पीळ वाटणाऱ्या भागाच्या) गिअरमध्ये शिरतो, तिथे दाते असतात, स्प्लाइन. "ते सरळ आहेत का बघ." मी पट्टी लावून बघितलं. एकूण एक दाता सरळ. शाफ्टला झेपणार नाही इतका पीळ बसला असता, तर तुटण्याआधी हे दाते स्क्रूच्या आट्यांसारखे तिरके झाले असते. तसं काहीच नव्हतं.

इथे सगळं प्रकरण फिरलं. शाफ्टवर दोन प्रकारचे भार येतात. एक पीळ, इंजिनाकडून येणारा. दुसरा वाक, गाडीच्या वजनाचा. मोठा एक्सल, जाड शाफ्ट, लॉकर, ३३ इंची टायर ही सगळी चर्चा पिळाची असते. आमचा शाफ्ट वाकाने गेला होता.

वाक आला कुठून

आमच्या गाडीचा मागचा एक्सल सेमी-फ्लोटिंग आहे. त्यात शाफ्टचं बाहेरचं टोक बेअरिंगच्या बाहेर आलेलं असतं आणि चाक थेट त्या टोकाला बोल्टने बसतं. म्हणजे शाफ्ट चाक फिरवतो आणि त्या कोपऱ्यातलं गाडीचं वजनही उचलतो. फुल-फ्लोटिंगमध्ये वजन हाऊसिंगवर बसवलेल्या हबच्या बेअरिंगवर जातं, शाफ्टला फक्त फिरवण्याचं काम उरतं. ट्रकचे मागचे एक्सल तसे असतात. युद्धकाळातल्या विलीज जीपचा मागचा एक्सलही फुल-फ्लोटिंग होता, नंतरच्या नागरी जीपमध्ये सेमी-फ्लोटिंग आला. सेमी-फ्लोटिंग हलका, स्वस्त आणि रोजच्या वापराला पुरेसा असतो. बेअरिंगच्या बाहेर लटकलेला भार कंपनीने धरला तेवढाच राहिला तर.

आम्ही बेअरिंगच्या मध्यापासून टायरच्या मध्यरेषेपर्यंतचं अंतर मोजलं. मूळ रिमवर ते जेमतेम ७ सेंमी भरलं. दीड इंची स्पेसर म्हणजे ३.८ सेंमी. सात सेंमीची तरफ जवळजवळ अकरा सेंमीची झाली, म्हणजे वजन तेवढंच राहूनही शाफ्टवरचा वाक निम्म्याहून अधिक वाढला. हा वाक एका जागी थांबलेला नसतो. चाक फिरतं तसा शाफ्टचा प्रत्येक बिंदू एकदा खाली येऊन ताणला जातो, एकदा वर जाऊन दाबला जातो. साडेएकतीस इंची टायर एका किलोमीटरला सुमारे ४०० फेरे घेतो. स्पेसर बसवल्यापासून गाडी ३८,००० किलोमीटर चालली होती. म्हणजे दीड कोटी वेळा ताण आणि दीड कोटी वेळा दाब. तार हाताने तोडायची असते तेव्हा आपण ती ओढत नाही, उलटसुलट वाकवतो. तेच इथे सावकाश, डांबरी रस्त्यावर चाललं होतं. बहुतेक पूर्व द्रुतगती मार्गावर.

पण नुसत्या स्पेसरने भागलं नसतं, असं बाबांचं म्हणणं पडलं. भेग जिथे जन्मली तिथे मोहरीच्या दाण्याएवढा गंजाचा खड्डा होता. ती जागा ड्रमच्या आतली, ऑइल सीलच्या बाहेरची. तिथे पाणी गेलं कुठून, हे दादाला विचारायची गरज नव्हती. त्याचं ऑफिस परळला आहे. मुसळधार पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एकाच दिवशी आली की हिंदमाता आणि गांधी मार्केटला पाणी तुंबतं, गटारातून ते परत वर येतं. त्या पाण्यातून इतर गाड्या थांबतात तेव्हा दादाची गाडी जाते. त्याने अशा दिवशी अनोळखी माणसांनाही सायनपर्यंत सोडलं आहे, त्याचा त्याला अभिमान आहे आणि मलाही आहे. पण घरी येऊन त्याने एकदाही ड्रम उघडले नव्हते. तीन पावसाळ्यांचं खारट, घाणेरडं पाणी ड्रममध्ये शिरलं, वाळलं आणि पोलादावर आपली खूण ठेवून गेलं. पॉलिश केलेल्या शाफ्टवर भेगेला सुरुवात करायला जागा मिळत नाही. गंजाचा एक खड्डा ती जागा देतो.

डिफरन्शियलचं तेल काढलं तेही सांगून गेलं. ९० नंबरचं तेल मधासारखं असायला हवं, ते चहासारखं दुधाळ निघालं. कारण सोपं आहे. एक्सल चालून तापतो, आतली हवा फुगून ब्रीदरमधून, म्हणजे एक्सलवरच्या हवेच्या छिद्रातून, बाहेर जाते. तसाच तापलेला एक्सल गुडघाभर पाण्यात उतरला की आतली हवा एकदम आकसते आणि पोकळी भरायला जे मिळेल ते ओढून घेते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणी. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लोणी साचलं होतं, ते चालतं. दात्यांचे कण किंवा कपच्या नव्हत्या, हे नशीब.

वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये डाव्या बाजूचा, न तुटलेला शाफ्ट तपासून घेतला. तपासणी तीन डब्यांची असते: आधी साफ करायचं, मग लाल रंग फवारून मुरू द्यायचा, पुसून टाकायचा आणि वर पांढरी पावडर फवारायची. भेग असेल तर तिच्यात मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. डाव्या शाफ्टवर, बरोबर त्याच जागी, नखाएवढी लाल रेघ उमटली. ती रेघ बघितल्यावर दादा तिथल्या स्टुलावर बसला. मी पाणी आणून दिलं.

मोठा एक्सल: तरीही, का नाही?

इथवर आल्यावर "मूळ शाफ्ट घाला, स्पेसर काढा, विषय संपला" असं मला वाटत होतं. दादाला वाटत नव्हतं, आणि त्याचा मुद्दा बिनतोड होता. "कारण काहीही असो, सेमी-फ्लोटिंगचा शाफ्ट तुटला की चाक बाहेर येतं. फुल-फ्लोटिंगचा तुटला की चाक जागेवर राहतं. मग मी तोच का घेऊ नये?" याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. आजही मी म्हणेन की एक्सल बदलायचा असेल तर हे एकमेव खरं कारण आहे. म्हणून आम्ही तो पर्याय घरात बसून बाद केला नाही, कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाऊन बघितला.

गॅरेजवाल्याने सांगितलेला पिकअपचा एक्सल तिथे एका दुकानाबाहेर घोड्यांवर ठेवलेला होता. टेप लावला. आमच्यापेक्षा नऊ सेंमी रुंद. म्हणजे स्पेसर काढून जे मिळवायचं तेच रुंदीने परत यायचं, निदान मडगार्डच्या बाहेर येण्यापुरतं तरी. चाकाच्या बोल्टांचं वर्तुळ वेगळं, म्हणजे पुढचे आणि मागचे रिम वेगळे, स्टेपनी एकाच टोकाला चालणार. पाट्यांच्या बैठका वेगळ्या अंतरावर, त्या कापून पुन्हा वेल्ड कराव्या लागणार, आणि वेल्ड करताना पिनियनचा (एक्सलमधल्या लहान गिअरचा) कोन एखाद-दोन अंश चुकला तर त्याला येऊन जोडलेल्या प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे इंजिनाकडून एक्सलपर्यंत पीळ आणणाऱ्या दांड्याचे, क्रॉस (सांधे) महिन्यात वाजायला लागणार. ड्रम मोठा, म्हणजे मागचे ब्रेक पुढच्यांच्या मानाने जोरात लागणार. ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी फिरते, हे मुंबईत गाडी चालवणाऱ्याला समजावून सांगायला नको. शिवाय डिफरन्शियलचा मधला गोळा आमच्यापेक्षा मोठा. टायर दोन इंचांनी उंच घेतला तर एक्सल एकच इंच वर जातो, आणि त्यातला बराचसा भाग हा मोठा गोळा खाऊन टाकणार.

पण निकाल लावला तो खडूने. गिअरचं प्रमाण मोजायची एक साधी रीत आहे, कुणालाही घरी जमेल. गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये ठेवायची, बाकीच्या चाकांना पक्की अडण लावायची, मागचं एकच चाक जॅकने उचलून खाली घोडा द्यायचा. चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करायची. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि तेवढ्यात प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे झाले ते मोजायचे. दुसरं चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा, पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या गिअरचा, एक. आमच्या गाडीचे भरले पावणेचार. कुर्ल्याच्या एक्सलचे, एक चाक पोराला घट्ट धरायला लावून, साडेचार.

म्हणजे वीस टक्क्यांचा फरक. फोर-व्हील लावल्यावर ट्रान्सफर केस (पुढे आणि मागे पीळ पाठवणारी गिअरची पेटी) पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकत्र बांधते, दोघांना एकाच वेगाने फिरावं लागतं. पुढे पावणेचार आणि मागे साडेचार असेल तर पुढची चाकं मागच्यांपेक्षा वीस टक्के जोरात धावायला बघणार. चिखलात चाक घसरून ते निभावेल, खडकावर मात्र तो सगळा ताण ट्रान्सफर केसमध्ये साचेल आणि तीच फुटेल. तेव्हा मागचा एक्सल बदलायचा तर त्यातलं क्राऊन-पिनियन बदलून पुढच्याशी जुळवायला हवं, नाहीतर पुढचा डिफरन्शियलही बदलायला हवा. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असल्याने तिथे तयार पर्याय नाही. पावणेदोन लाखांच्या अंदाजात यातलं काहीच धरलेलं नव्हतं. गॅरेजवाल्याला विचारलं तर म्हणाला, "फोर-बाय-फोर कितीदा लावता?" ज्या गाडीत फोर-बाय-फोर लावायचंच नाही, तिला एवढा एक्सल कशासाठी?

लॉकर आणि पीळ

लॉकरचा मोह दादाला जास्त होता, कारण ओढ्यात त्याचं एक चाक हवेत फिरत राहिलं होतं. इथे मी त्याच्यासाठी कागदावर एक हिशेब मांडला, कारण टायर मोठा केल्याने शाफ्टवर किती भार वाढतो याची चर्चा सगळे करतात आणि लॉकरने किती वाढतो याची फारशी कुणी करत नाही.

कमी गिअरात इंजिन इतका पीळ देऊ शकतं की तो पूर्ण कधी शाफ्टपर्यंत पोचत नाही, त्याआधी टायर घसरतो. म्हणून शाफ्टवर येणाऱ्या पिळाची कमाल टायरच्या पकडीवरून ठरते: चाकावरचं वजन, घर्षण आणि टायरची त्रिज्या यांचा गुणाकार. चढावर मागच्या दोन चाकांवर मिळून ११०० किलो आणि कोरड्या खडकावर घर्षण ०.८ धरलं, तर २९ इंची टायरला साध्या डिफरन्शियलमध्ये प्रत्येक शाफ्टवर सुमारे १,५९० न्यूटन-मीटर येतो. साधा डिफरन्शियल दोन्हीकडे सारखाच पीळ वाटतो, त्यामुळे एक चाक घसरलं की दुसऱ्यालाही तेवढंच मिळतं. आपण त्याला शिव्या देतो, पण शाफ्टचं रक्षण तोच करत असतो. टायर ३३ इंची केला तर हा आकडा १४ टक्क्यांनी वाढतो. आता लॉकर लावा आणि एक चाक हवेत असू द्या. मागचं सगळं वजन एका चाकावर, सगळा पीळ एका शाफ्टमधून: सुमारे ३,६२० न्यूटन-मीटर. सव्वादोन पटीहून जास्त. हवेत फिरणारं चाक धपकन खडकावर टेकतं तेव्हाचा दणका यात धरलेलाच नाही.

म्हणजे लॉकर घ्यायचा तर शाफ्ट मजबूत हवेत. शाफ्ट मजबूत केले की पुढची कमजोर कडी क्राऊन-पिनियन. शाफ्ट बदलायला अर्धा दिवस लागतो, क्राऊन-पिनियन बसवताना शिम घालून मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याचा खेळ जुळवावा लागतो आणि ते जमणारे मिस्त्री मोजके आहेत. तुटायचंच असेल तर स्वस्त आणि हाताशी असलेला भाग तुटावा, असं मला मनापासून वाटतं. गाडी ओढ्यात आहे आणि घर ऐंशी किलोमीटरवर, तेव्हा याचं महत्त्व कळतं.

आणि त्या दिवशी आमच्या मागून एक जिप्सी तोच चढ चढून गेली होती. लॉकर नाही, साधे टायर. वजन टनाच्या आसपास, दोन्ही एक्सल सलग, टायरमधली हवा सोळावर आणलेली, आणि चालवणाऱ्या बाई गाडीतून उतरून दोनदा पायी वर जाऊन आल्या होत्या. दादाच्या टायरमध्ये बत्तीस होती. हायवेवरून उतरल्यावर त्याने हवा काढलीच नव्हती.

कागद

कायद्याचा भाग थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्टपणे अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दादाची गाडी २०१३ ची, म्हणजे २०२८ मध्ये १५ वर्षं पूर्ण होऊन नोंदणीचं नूतनीकरण येणार आणि निरीक्षक गाडीखाली वाकून बघणार. विम्याचं तर सरळच आहे: न कळवलेला बदल असलेली गाडी अपघातात सापडली की कंपनीच्या हातात नकाराचं कारण आपणच देतो. हे लिहिताना मला हेही मान्य करायला हवं की साडेएकतीस इंची टायर आणि स्पेसर बसवतानाही हा कायदा होता, आणि तेव्हा मी दादाला काही बोललो नव्हतो. मलाही गाडी छान दिसली होती.

काय ठरलं

ठरवायला आम्ही घरीच बसलो, बाबा, दादा, वहिनी आणि मी. दादाने डिझेलच्या वहीतून वर्षाचा वापर काढला होता: १२,६०० किलोमीटर, त्यातले कच्च्या वाटेवरचे २०० सुद्धा नाहीत. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊजी, मला एवढंच सांगा. पोरांना घेऊन मी ही गाडी हायवेवर चालवली तर चाक परत निघेल का?" बाबांनी माझ्याआधी उत्तर दिलं. "नवे शाफ्ट, स्पेसर नाही आणि दर पावसाळ्यानंतर ड्रम उघडून बघायचे. एवढं केलं तर नाही निघणार. ते करणार नसाल तर मोठा एक्सलही गंजेल."

मोठा एक्सल नाही, लॉकर नाही. दोन्ही बाजूंना कंपनीचे नवे शाफ्ट, बेअरिंग आणि सील. चारही स्पेसर बाहेर, आणि ते परत कुणी वापरू नयेत म्हणून दादाने स्वतः करवतीने कापले. टायर पुन्हा २३५/७० आर १६, माप कंपनीचं, नक्षी फक्त कच्च्या रस्त्याची. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती चासीवरून वर, मागच्या दिव्याच्या मागे नेली. या सगळ्यातलं सर्वांत स्वस्त काम तेच आणि मुंबईसाठी सर्वांत गरजेचं. तेल बदललं, आठशे किलोमीटरांनी पुन्हा बदललं, कारण पहिल्यात उरलेलं पाणी निघतं. मजुरी आणि भाग मिळून, टायर सोडून, एकतीस हजार. डावा जुना शाफ्ट, लाल रेघेसकट, गॅरेजवाल्याने मागून घेतला आणि काउंटरवर ठेवला. आता स्पेसर मागणाऱ्याला तो आधी तो शाफ्ट दाखवतो, हे बघून मला फार बरं वाटलं.

एक गोष्ट दादाने मान्य केलेली नाही आणि मीही ती त्याच्या गळी उतरवत नाही. त्याला अजून लॉकर हवा आहे. आमच्यात असं ठरलं आहे की तो वर्षभर वहीत लिहील: गाडी कुठे अडली, किती चाकं हवेत होती, हवा किती ठेवली होती, उतरून वाट बघितली होती का. हवा कमी करून आणि वाट नीट निवडूनही वर्षात तीनदा गाडी अडली, तर लॉकरचा विषय पुन्हा काढायचा, आणि तेव्हा मजबूत शाफ्टसकट काढायचा. आठ महिन्यांत वहीत एकच नोंद आहे, माळशेजच्या खालच्या अंगाच्या एका शेतवाटेवरची, आणि तिथे चिखलात चारही चाकं रुतली होती.

या पावसाळ्यात दादाने हिंदमाता दोनदा पार केलं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आम्ही भांडुपला दोन्ही ड्रम उघडले. बाबा स्टूल टाकून बसले होते. तेल मधासारखं निघालं. उजवीकडचा शाफ्ट कोरडा आणि स्वच्छ. डावीकडे सीलच्या कडेला बोट लावलं तर ओलसर लागलं, पाणी नव्हे, तेल. मिस्त्री म्हणाले, अजून सहा महिने काढेल. दादाने तिथल्या तिथे नवं सील मागवायला सांगितलं.